वैशाखाचे मार्क

मास्तर कुठल्याही खोलीत आला की आधी खिडकीपाशी जायचा, मग पंख्याखाली, मग परत खिडकीपाशी. पाच मिनिटं एका जागी बसला असेल तर शपथ. दादरच्या आमच्या टूर कंपनीत त्याचं काम होतं गावांच्या हवेला मार्क देण्याचं. ऊन, दमटपणा, पाऊस, वारा, सगळं शंभरात बसवायचं आणि कुठल्या महिन्यात माणसं कुठे न्यावीत ते सांगायचं. म्हणून तो आमचा मास्तर.

मार्क देताना महाकंजूष. मुंबईला तर जेमतेम काठावर पास करायचा. आम्ही चिडवलं की म्हणायचा, "अगं, घामाघूम झालेला माणूस ताजमहालसुद्धा धड बघत नाही." ते खोटंही नव्हतं. त्याने नापास केलेल्या महिन्यात आम्ही एकदा राजस्थानची सहल नेली, तर अर्धी मंडळी हॉटेलातून बाहेर पडलीच नाहीत.

घरी मात्र त्याची डाळ शिजत नव्हती. करी रोडच्या चाळीत आयुष्य काढलेल्या त्याच्या आईला बोधगयेला जायचं होतं, तेही बुद्ध पौर्णिमेलाच. वैशाखातलं तिथलं ऊन म्हणजे सपशेल नापास. त्यात आईला दम लागायचा, त्यामुळे याचा जीव खालीवर. दरवर्षी तो नोव्हेंबर सुचवायचा आणि दरवर्षी ती विचारायची, मग पौर्णिमाही पुढे ढकलतोस का?

शेवटी एका वर्षी ती याला न सांगता चाळीतल्या बायकांबरोबर गेली. गाडी सुटल्यावर फोन केला. तो आठवडा मास्तरने आम्हाला वेड लावलं. सारखं तिथलं तापमान बघायचा, सारखा फोन लावायचा. छत्री घेतलीस का, पाणी प्यायलीस का. कंटाळून बायकांनी फोनच बंद करून ठेवला. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

आई परतली ती रापून, पण ठणठणीत. फार त्रास झाला का, असं त्याने विचारलं.

"झाला की," ती म्हणाली. "मी काय सहलीला गेले होते?"

हे त्याने ऑफिसात ज्याला त्याला सांगितलं, जणू प्रत्येकाकडून त्याला उत्तर हवं होतं.

त्याच पावसाळ्यात आई गेली. पुढच्या वैशाखात मास्तरने रजेचा अर्ज टाकला. बोधगयेला निघालाय कळल्यावर मी सवयीने विचारून गेले, किती मार्क पडतायत रे?

"काढले नाहीत," तो म्हणाला. "आई कुठे बसली होती ते बघायचंय."