नैर्ऋत्येची भिंत

माझ्या थोरल्या नणंदेला, सुनीतीवन्संना, नोकरीवरून काढलं त्याला वर्ष होत आलं, तरी माझा संताप उतरत नाही.

बडोद्यात एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात त्या मेट्रन होत्या. यजमान गेल्यावर तिथे लागल्या, तिथल्याच खोलीत राहिल्या. इमारत साठ सालानंतरची, उघड्या काँक्रीटची. येणारा-जाणारा विचारायचा, "प्लॅस्टर राहिलं का हो?" पण बांधणाऱ्याने डोकं वापरलं होतं. पहिल्या मजल्यावर नैर्ऋत्येला लांब व्हरांडा, त्याला काँक्रीटची जाळी. बाहेर ऊन आग पाखडत असलं तरी आत वारा खेळायचा. परीक्षेच्या दिवसांत मुली तिथेच चटया टाकून अभ्यास करायच्या.

मग धवलभाई व्यवस्थापक झाले. त्यांचा वास्तुवाला म्हणाला, नैर्ऋत्य उघडी म्हणजे दोष. जाळी फोडून तिथे विटांची भिंत घातली. वर भिंतीत कोनाडा करून संगमरवरी गणपती बसवला. म्हणजे कोणी हात लावायला नको! मी रोज देवाला दिवा लावते, म्हणूनच चीड येते. देवाला यांनी चौकीदार केलं.

मे महिन्यात कोमल नावाची मुलगी तिथे अभ्यास करता करता उकाड्याने कोसळली. तिला शुद्धीवर आणून वन्सं तडक धवलभाईंकडे गेल्या.

"भिंत काढा, भाई. पोरी भाजून निघतायत."

"सुनीतीबेन, त्यां बाप्पा बेठा छे! तुम्ही तर मराठी, तुम्हाला मी सांगायचं?"

"मराठी आहे म्हणूनच सांगते. आमच्याकडे बाप्पा येतात, तसे जातातही."

दुसऱ्या दिवशी वन्संनी आंघोळ करून गणपतीला गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणून मूर्ती जागची हलवली. रीतसर उत्तरपूजा. मूर्ती पाटावर घेऊन स्वतःच्या खोलीत नेली आणि मुलींना म्हणाल्या, "आता ती नुसती भिंत आहे. हाणा!"

माळ्याची पहार होतीच. पहिला घाव कोमलने घातला. दुपारपर्यंत व्हरांड्यात वारा शिरला.

धवलभाई म्हणाले, "देवाचा अपमान झाला, चूक झाली, असं लिहून द्या. नोकरी राहील."

"देवाची क्षमा पूजेतच मागितली. तुमची कशाला मागू?"

संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला लावली. मी रिक्षा घेऊन गेले, तर वन्सं फाटकाशी ट्रंकेवर बसलेल्या, मांडीवर गणपती. माझा तोल सुटला. "द्यायच्या होत्या की दोन ओळी लिहून! या वयात आता कुठे उभं करणार तुम्हाला कोणी?"

"योगिनी, तो अपमान होता असं मीच लिहून दिलं असतं, तर उद्या भिंत परत उभी राहिली असती. मग कोणी हात लावला असता?"

मी ट्रंक उचलून रिक्षात ठेवली.

आता त्या कारेलीबागेत आमच्याकडेच असतात. पेन्शन नाही, काही नाही. मागच्या आठवड्यात धवलभाईंचा शिपाई आला होता. वास्तुवाल्याला म्हणे तीच मूर्ती हवी, त्याशिवाय भिंतीचं काम सुरू करायचं नाही. वन्सं आत पूजेला बसल्या होत्या. त्यांना विचारायलाही गेले नाही मी.

"देत नाही, जा," म्हटलं, आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.