पाणी चढल्यावर उघडणारा दवाखाना

नलू गेली हे मला मेथी निवडताना कळलं. तिच्या भाच्याचा फोन होता. मी नुसतं ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. वेडी म्हणा हवं तर! काही आठवडे होऊन गेलेत, पण तेव्हापासून डोळ्यांपुढे एकच दुपार तरंगतेय... कोपरीच्या बाजूची खाडी, तिवरांच्या मुळांत हळूहळू चढणारं पाणी, आणि महापालिकेच्या छोट्या दवाखान्याच्या दारात पदर खोचून उभी असलेली डॉक्टर नलू, माझी डोंबिवलीची शाळासोबतीण.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गरिबाच्या दारात दवाखाना न्यायचा, असं सरकारनं ठरवलं होतं. धोरण चांगलंच होतं, मी नावं ठेवत नाही. कोळ्यांच्या वस्तीत खोली बांधली, औषधं आली, वेळ ठरली सकाळी नऊ ते एक. आणि नलू तिथे माश्या मारत बसायची. वरचे म्हणाले, लोक अडाणी आहेत, भिंतीवर चित्रं लावा. लावली. चित्रं बघायलाही कोणी येईना! मी कोपरीच्या शाळेत शिकवायचे, शाळा सकाळची. सुटली की मी तिच्याकडे जाऊन बसे. एकदा ती कुलूप लावत असताना वस्तीतली यमुना आली. गुडघ्यापर्यंत चिखल, दिवस भरत आलेले, पाय सुजून टम्म.

“बाय, सकाली आमी बाजारान, मंग पानी चढंपरत चिखलान शिंपल्या येचताव. आमी येताव तवा तुजा कुलूप!”

नलूनं कुलूप काढलं. ब्लडप्रेशर बघितलं, ते भलतंच चढलेलं. आम्ही यमुनेला तशीच रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मायलेकी वाचल्या, पण थोडक्यात. परतताना नलू कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं, आपण खाडीला बँकेची वेळ लावून बसलोय!”

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना पाण्यावर चालू लागला. पाणी चढलं, बायका चिखलातून वर आल्या, की दार उघडायचं. ती वेळ रोज थोडी सरकायची, आणि नलू तिच्याबरोबर सरकायची. घरी जायला उशीर झाला की सासूबाईंची बोलणी खायची. मी कोपऱ्यात पेपर तपासत बसे. स्पिरिटचा वास, चिखलाचा वास, बाळांची किरकिर, बाहेर चमकणारं पाणी... माझा डोळा कधी लागायचा, मलाच कळायचं नाही. इतकं निवांत मला माझ्या घरीही कधी वाटलं नाही.

मग एक साहेब तपासणीला आले, अर्थात सकाळीच. दाराला कुलूप! निरोप गेला, नलू धावत आली. साहेब म्हणाले, “मॅडम, हा दवाखाना आम्ही वरच्या कॉलनीत हलवतोय. तिथले लोक जागरूक आहेत.” नलू म्हणाली, “इथल्या बायकाही आहेत हो, फक्त चिखलात आहेत. पाणी चढू द्या.” साहेब चरफडत बसले, चहा प्यायले आणि बाकावरच पेंगले. जागे झाले तेव्हा खोली बायकांनी गच्च भरलेली. कोणीतरी “सायेब, धर जरा” म्हणत बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मुकाट्यानं धरलं.

“वेळेचं मी लेखी काही देणार नाही हं,” निघताना ते म्हणाले.

“नका देऊ. दवाखाना तेवढा राहू द्या.”

राहिला. नव्वदच्या दशकात नलूची बदली झाली, पुढे आजारपण, मग तो फोन.

परवा न राहवून मी तिथे गेले. दार बंद होतं. खाडीकडे बघत पायरीवर बसले. पाणी चढलं तशी एक तरुण डॉक्टरीण आली आणि कुलूप काढू लागली. मी विचारलं, “ही कसली हो वेळ?”

“काय माहीत, आजी,” ती हसली. “इथं पहिल्यापासून असंच आहे.”

नलूचं नावही तिला ठाऊक नव्हतं. मला खरं तर राग यायचा, मी तशी तापटच. पण आला नाही... रडू मात्र आलं, फोन आल्यापासून पहिल्यांदा. आत जाऊन बाकावर टेकले, आणि लगेच सरकून जागा केली. बायका यायला लागल्या होत्या.