नलिनी सिस्टरांचा राग

मी पदवीधर झालो तो नलिनी सिस्टरांमुळे. परळच्या एका रुग्णालयात त्या त्वचाविभागात होत्या आणि कायम रागावलेल्या असत. पेशंटवर क्वचित, सोबत आलेल्यांवर नेहमी.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. लालबागला मामाच्या चाळीत राहायचो. लहानपणापासूनचा एक्झिमा मुंबईच्या घामाने भडकला. शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली आणि बोटांच्या भेगांमुळे पेन धरवेना. मी गावी परतायचं ठरवलं. जाण्याआधी दाखवून घ्यावं म्हणून मामी परळला घेऊन गेली.

"अंगात उष्णता आहे हो याच्या. रोज कडुनिंबाच्या कढत पाण्याने घासून आंघोळ करायला लावते," मामी कौतुकाने म्हणाली.

"घासून? खरकटं भांडं आहे का हा?" सिस्टर उसळल्या. "घरात दमा कुणाला?"

"याच्या आईला."

"मग उष्णता कसली? दमा आणि हे एकाच घराण्यातून येतं. कातडीच कोरडी घेऊन आलाय, ओल धरत नाही. त्यात तुम्ही उरलंसुरलं तेल धुऊन टाकताय!"

मी मनगट खाजवत होतो. "खाजवू नको रे!" मामी ओरडली. सिस्टर तिच्यावरच फिरल्या. "असं म्हणणाऱ्यांना एक दिवस ही खाज दिली पाहिजे." मग माझी नखं कापता कापता म्हणाल्या, "खाजवलंस की कातडी फाटते, फाटली की आणखी खाजते. राहवलं नाही तर गार ओलं फडकं दाब. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच साधं मलम. लाल जागी डॉक्टरांचं औषध, सांगितलं तितकेच दिवस. अभ्यास कुठे करतोस?"

मी खरं ते सांगून टाकलं. मंडळाच्या अभ्यासिकेतून मला काढलं होतं. 'ते लागतं,' असं सेक्रेटरी म्हणाले होते आणि मी मुकाट्याने पुस्तकं उचलली होती. आज त्यांच्यापेक्षा माझाच जास्त संताप येतो.

त्याच संध्याकाळी ड्युटी संपवून सिस्टर अभ्यासिकेत आल्या. सगळ्यांदेखत उघड्या हातांनी माझ्या मनगटाला मलम चोळलं आणि तोच हात सेक्रेटरींपुढे केला.

"धरा. वीस वर्षं हेच करतेय. काय लागलंय मला?"

"तसं नाही मॅडम, पोरं तक्रार करतात..."

"पोरांना मी बघते. तुम्ही खुर्ची आणा. पंख्याखाली. घामाने खाज वाढते याची."

सेक्रेटरींनी खुर्ची आणली. गावी जायचं राहिलं.

निकालानंतर पेढे घेऊन गेलो, तर सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. पत्ता मिळवून पत्र टाकलं:

"नलिनी सिस्टर,

पास झालो. पण तुमच्यावर रागावलो आहे. निवृत्त होताय हे एका शब्दाने बोलला नाहीत. खाज गेलेली नाही, येऊन-जाऊन असते. तरी सगळे पेपर पूर्ण लिहिले, पुरवण्याही घेतल्या. नोकरीच्या अर्जात ओळखीच्या प्रतिष्ठित व्यक्तीचं नाव मागतात. आमच्या घरात असं नाव कुणाला सुचेना. मी न विचारता तुमचं लिहिलं आहे. ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरडा."