घरचा हात

आमच्या अण्णांचं आईवर प्रेम नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी त्याची जीभ हासडीन. होतं, भरपूर होतं. तेच तर दुखणं आहे. अण्णा एकोणनव्वद सालापर्यंत जगले, अखेरपर्यंत मीच त्यांचं सगळं केलं. माफ मात्र केलं नाही.

अण्णा म्हणजे हवालदार नृसिंह साळोखे. महायुद्धात इटलीच्या डोंगरात लढून, मांडीत बॉम्बची किरच घेऊन परत आले. दोन-चार धंद्यांत हात पोळल्यावर बासष्ट साली त्यांनी मंगळवार पेठेत मिरची कांडायचा डंक घातला. शिमगा आला की पेठेतल्या बायका वर्षाच्या चटणीची मिरची घेऊन दारात हजर. अण्णा फौजेसारखी रांग लावायचे. साहेबाची बायको असो नाहीतर मोलकरीण, नंबराशिवाय कुणाची मिरची उखळात पडायची नाही.

डंकापाशी मात्र आई, विमला. लोखंडी मुसळं धाडधाड पडत असताना मिरची सारायची, चाळायची, मीठ-लसूण कधी घालायचं ते ठरवायची. हे काम अण्णांनी पगारी बाईला कधी दिलं नाही. "चटणीला घरचाच हात लागतोय. परक्या हातानं चव बिघडतीया," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गिऱ्हाइकंही माना डोलवायची.

चौऱ्याहत्तर साली आईचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हवालदार, यांना मिरचीच्या धुळीत बसवू नका. फुप्फुसं जातील."

लढाई बघितलेला माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. दिवाळी झाल्यावर तिला हवापालटाला गगनबावड्याला घेऊन गेले. महिनाभर स्वतः भाकऱ्या थापून तिला वाढल्या. आई टवटवीत होऊन परतली. आणि शिमगा आला तसं तिला पुन्हा डंकापाशी बसवलं! तोंडाला ओलं फडकं तेवढं स्वतःच्या हातानं बांधलं.

"अण्णा, एखादी बाई ठेवा की," मी भांडले.

"एवढा सीझन जाऊ दे, कालिंदे. तुमच्यासाठीच करतोय न्हवं?"

असे सहा सीझन गेले. आईही काही कमी नव्हती. "त्यास्नी वाईट वाटंल," म्हणून गप्प बसायची. मला दोघांचाही संताप यायचा.

एक्याऐंशीच्या माघात ती गेली. शेवटी शेवटी अण्णा तिला उशाशी टेकवून रात्रंदिवस पाठ चोळत बसायचे. फाल्गुनात दारात पुन्हा पोती आली. माझा भाऊ माधव म्हणाला, "माझी बायको तिथं बसणार न्हाय." नाइलाजानं अण्णांनी चिमणाबाईला पगारावर ठेवलं.

तो सीझनभर अण्णा तक्रारीची वाट बघत होते. कुणीतरी डबा घेऊन येईल, चव गेली म्हणेल, विमलाची आठवण काढेल. कुणीही आलं नाही. शेवटी, मिरगाच्या तोंडावर, पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक असलेल्या आक्का उरलेली मिरची घेऊन आल्या, तेव्हा अण्णांनी स्वतःच विचारलं.

"आक्का, खरं सांगा. औंदा चटणीची चव बदललीया न्हवं?"

"न्हाय बा. तीच की हाय," आक्का म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही.