नाटकाच्या बाईंचं कानाचं मशीन

फोन आला तेव्हा तो एका आजोबांच्या कानाचा साचा घेत होता. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात सरकवायचा, मग पिचकारीनं निळा लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात माणसानं बोलायचं नाही, जबडा हलवायचा नाही, नाहीतर साचा बिघडतो. आजोबा शहाण्या मुलासारखे भिंतीकडे बघत बसले होते. त्याच्या खिशातला फोन थरथरला. शाळेतल्या बाईंची भाची होती.

"दादा, मावशी गेली. सकाळीच. झोपेतच गेली."

"बरं," तो म्हणाला.

पलीकडे ती थांबली. त्याच्याकडून आणखी काहीतरी येईल असं तिला वाटलं असावं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"सहाच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही येताय ना?"

"येतो. दोनपर्यंत पोचतो."

त्यानं घड्याळ पाहिलं. साडेतीन मिनिटं झाली होती. उरलेलं दीड मिनिट तो तसाच उभा राहिला. मग साचा अलगद ओढून काढला, खिडकीच्या उजेडात धरून फिरवून पाहिला. कुठे बुडबुडा नव्हता, कड फाटली नव्हती. "छान आलाय," तो आजोबांना म्हणाला, आणि तो खरंच छान आला होता. त्यानंतर त्यानं आणखी दोघांची तपासणी केली, डबा उघडून अर्धा खाल्ला, दवाखान्याच्या दाराला पाटी लावली आणि निघाला.

शाळेत त्याला सगळे पडद्या म्हणायचे. ते नाव त्याला आठवीत चिकटलं.

बाई खरं तर गणिताच्या. नाटक त्यांच्या वेळापत्रकात कुठेच नव्हतं. शाळा सुटली की त्या सभागृहाची किल्ली घेऊन यायच्या, कुलूप उघडायच्या आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पदर खोचलेला, हातात खडूचा डाग. अभिनय कसा करायचा हे त्यांनी कधी करून दाखवलं नाही. त्या फक्त प्रश्न विचारायच्या.

"कुठून आलास तू?"

"विंगेतून, बाई."

"विंगेतून नट येतो. तू कुठून आलास?"

पोरगं गडबडायचं. "बाजारातून?"

"मग पिशवी कुठंय? दमलेला का दिसत नाहीस? जा, परत ये."

अशी एकेक एन्ट्री वीस-वीस वेळा. मुलं रडकुंडीला यायची, पण दुसऱ्या दिवशी घंटा झाली की सगळ्यात आधी सभागृहाच्या दाराशी तीच उभी असायची.

पडद्याला त्या वर्षी पोस्टमनचं काम मिळालं होतं. एकच वाक्य, "तार आहे, सही करा." प्रयोगाच्या दिवशी तो आत गेला, समोर भरलेलं सभागृह बघितलं आणि त्याची पाचावर धारण बसली. वाक्य तर बोललाच नाही, वर तार हातात तशीच धरून उलट्या पावली पडद्याआड परत. नाटकाचा हिरो पुढे केलेला हात घेऊन मधोमध उभा! लोक पोट धरधरून हसले. पडद्या सामानाच्या खोलीत जाऊन दोन पेट्यांच्या मधे दडला.

नाटक संपल्यावर बाई तिथे आल्या. त्यांनी त्याची समजूत घातली नाही की रागावल्याही नाहीत. एका पेटीवर बसल्या, चपला काढून पाय मोकळे केले.

"तुझं वाक्य काय होतं?"

"तार आहे, सही करा."

"त्याच्या पुढचं?"

त्यानं हिरोचं वाक्य सांगितलं. पुढचं? नाटकातल्या हिरोच्या आईचं सांगितलं. बाई विचारत गेल्या, तो सांगत गेला. अख्खा दुसरा अंक झाला, मग बाईंनी सहज पहिल्या अंकातलं विचारलं, तेही त्याला येत होतं. हळूहळू त्याचं मुसमुसणं थांबलं होतं.

"अरे गाढवा," बाई म्हणाल्या, "तू तिकडे उजेडात काय करत होतास? तुझी जागा इकडे आहे."

दुसऱ्या वर्षापासून तो पडद्याआड वही घेऊन उभा राहू लागला. दहावीपर्यंत तिथेच होता. बाईंनी त्याला ते काम एखाद्या मोठ्या कलेसारखं शिकवलं. वाक्य सांगायला कुणीही सांगेल, त्या म्हणायच्या, पण कधी सांगायचं नाही हे कळायला कान लागतो. नट गप्प झाला म्हणजे तो विसरला असंच नाही. त्याचा श्वास ऐक. विसरलेल्या माणसाचा श्वास वर अडकतो, जाणूनबुजून थांबलेल्याचा पोटात असतो. पडद्या ऐकायला शिकला. इतका की घरी आई स्वयंपाकघरात गप्प असली तरी ती नुसतीच गप्प आहे की रागावून गप्प आहे, हे त्याला बाहेरच्या खोलीतून कळायचं.

बारावीला तो कसाबसा पास झाला. पुढे काय करावं त्याला कळत नव्हतं. एके दिवशी बाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन त्याच्या घरी आल्या. कानांची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम होता, तीन वर्षांचा. "ह्याचे कान तयार आहेत, त्यांचं काहीतरी करा," असं त्याच्या वडिलांना सांगून त्यांनी अर्ज तिथेच, जेवणाच्या टेबलावर भरून घेतला. वडिलांना या प्रकारात काही समजलं नाही, पण बाईंसमोर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. तो शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, आणि पस्तिशीत त्यानं स्वतःचा दवाखाना थाटला. बाईंची गाठ मधूनमधून पडायची, रस्त्यात, कुणाच्या लग्नात. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, "काय रे, ऐकतोस ना नीट?"

चार वर्षांपूर्वी त्या त्याच्याच दवाखान्याची पायरी चढून आल्या. भाची सोबत होती. "मावशीला टीव्ही फार मोठा लागतो," ती म्हणाली. "मला नाही, टीव्हीच हळू बोलतो," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आधी सुरांची तपासणी झाली, मग शब्दांची. त्यानं एकेक शब्द बोलायचा, बाईंनी तो परत म्हणायचा. "पाणी." "पाणी." "खिडकी." "खिडकी." पंचवीसपैकी पंचवीस! सुरांचा आलेख तर पार घसरलेला. त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं फाईल उचलून तोंडासमोर धरली.

"पाणी."

"राणी."

"खिडकी."

बाई गप्प. मग काचेपलीकडून म्हणाल्या, "तू पुटपुटतोयस. शाळेत कधी पुटपुटला नाहीस."

"बाई, तुम्ही ओठ वाचत होतात."

"मग? पेपरला बसलेय मी. शेजारच्याचं बघणारच."

भाची हसून हसून लाल झाली. तोही हसला. मग त्यानं आलेख समजावून सांगितला, आणि बाईंनी एकच प्रश्न विचारला, "नाटक ऐकू येईल का?"

"येईल. पण पुढे बसावं लागेल. पहिल्या-दुसऱ्या रांगेत."

"पहिल्या रांगेत पाहुणे बसतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दोन्ही कानांना मशीन बसवलं. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या यायच्या. मशीन साफ करायचं, मळ अडवणारी बारीक जाळी बदलायची, बॅटरीची पाकिटं द्यायची, एवढंच काम, दहा मिनिटांचं. बाई तासभर बसायच्या. तक्रारींची मोठी यादी असायची. ताटल्या किती वाजतात, स्वतःची कवळी किती वाजते, वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर खुर्च्या ओढते. "लोक एवढा आवाज करत जगतात हे मी विसरलेच होते. काढून ठेवते मी ते. डबीतच पडलेलं असतं." तो म्हणायचा, बाई, सवय करायला हवी, रोज घाला. "बघू," त्या म्हणायच्या.

गेले दोन महिने त्या आल्या नव्हत्या. पहिल्या महिन्यात त्यानं विचार केला होता की फोन करावा. दुसऱ्या महिन्यात दवाखान्यात रंगकाम चाललं होतं. त्यांच्या बॅटरीची पाकिटं त्यानं खणात वेगळी ठेवली होती.

बाईंच्या घरी तो दोनला पाच मिनिटं असताना पोचला. दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग होता. बरीचशी माणसं त्यांच्याच शाळेची होती, केस पांढरे झालेली, पोट सुटलेली. शाळेतला हिरो, जो आता घरं विकण्याचा व्यवसाय करतो, भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. पडद्याला बघताच त्यानं गळ्यात हात टाकले.

"गेल्या रे बाई आपल्या! तू तर त्यांचा लाडका."

"हो," पडद्या म्हणाला. त्याला हिरोच्या शर्टाचं ओलं कापड मानेला लागत होतं. ते कधी बाजूला होईल याची तो वाट बघत राहिला.

बाईंकडे त्यानं नीट पाहिलं. चष्मा काढलेला होता. कान मोकळे होते. उजव्या कानाच्या पाळीवर मशीनच्या नळीचा बारीक वळ अजून दिसत होता. खोलीतला फ्रिज मधेच चालू व्हायचा, मधेच बंद. एक पंखा कुरकुरत होता. कोण कुठे रडतंय, कोण खोकतंय, जिन्यात कोण बोलतंय, सगळं त्याला वेगवेगळं ऐकू येत होतं.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, तुम्ही रडलात का?"

"नाही."

"रडा की. बरं वाटतं."

"येत नाहीये," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

शाळेत शोकसभा झाली. हिरो पाऊण तास बोलला. बाईंबद्दल सुरुवात करून तो स्वतःवर आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. पडद्याला बोलायला सांगितलं, त्यानं हात जोडून नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही, तो पूर्वीपासून तसाच आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवस जात राहिले. तो वेळेवर दवाखान्यात जायचा, वेळेवर घरी यायचा. जेवण जायचं, झोप लागायची. मुलीनं परीक्षेचे गुण दाखवले तर शाबास म्हणायचा. फक्त सगळं जाड काचेपलीकडे चालल्यासारखं वाटायचं.

तीन आठवड्यांनी भाची दवाखान्यात आली. ऑफिसमधून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिनं टेबलावर बाईंची डबी ठेवली.

"याचं काय करायचं, दादा? टाकवत नाही. कुणाला उपयोगी पडेल का?"

"साचे नाही पडणार, ते ज्याचे त्याला. मशीन चालेल. बघू तपासून."

त्यानं दोन्ही मशीन वायरनं कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर नेहमीची पानं उघडली. त्यातलं एक पान वापराच्या नोंदीचं. मशीन रोज किती तास कानात होतं आणि आजूबाजूला कसला आवाज होता हे ते आपलं आपण टिपून ठेवतं. इतर पेशंटची मशीनं तो दर वेळी जोडून बघायचा. बाईंचं बसवल्यानंतर कधी जोडलं नव्हतं. त्या सांगतात म्हणजे डबीतच असणार, असं तो धरूनच चालला होता.

रोजचा सरासरी वापर, चौदा तास.

त्यानं डावं बघितलं. तिथेही चौदा. शेवटच्या दोन महिन्यांचं वेगळं काढून बघितलं. पंधरा. बॅटऱ्या त्यांनी दुसरीकडून आणवल्या असणार.

खाली आवाजांची विभागणी होती. गोंगाट, तीन टक्के. बोलणं, चार टक्के. शांतता, त्र्याण्णव टक्के.

त्यानं मनात हिशोब मांडला. पंधरा तासांतले चार टक्के म्हणजे छत्तीस मिनिटं. त्यात भाचीचं सकाळचं आणि संध्याकाळचं बोलणं, दूधवाला, टीव्हीवरच्या बातम्या. बाकी दिवसभर बाई सकाळी उठल्यापासून कान लावून बसलेल्या. महिन्यातून एकदा त्याच्याकडे येऊन तासभर तक्रारी करायच्या, तेवढं जास्तीचं.

"काय झालं? बिघडलंय का?" भाचीनं विचारलं.

"नाही. चांगलं आहे. फार नीट ठेवलंय."

"मला तर म्हणायची, मी घालतच नाही."

"घालत होत्या," तो म्हणाला. आकडे त्यानं तिला दाखवले नाहीत. ती दिवसभर नोकरी करून संध्याकाळी धावतपळत घरी येणारी मुलगी. तिला ते दाखवून काय मिळवायचं होतं? त्यानं पान बंद केलं, तिला पाणी दिलं, ती गेल्यावर साचे काढून कागदात गुंडाळले. कचऱ्याच्या डब्यापर्यंत हात गेला, तिथून परत आला. कागदाची पुडी त्यानं टेबलाच्या खालच्या कप्प्यात सारली.

पुढच्या आठवड्यात एक शिवणकाम करणारी बाई आली. दोन्ही कान गेलेले, मशीन घेण्याची ऐपत नाही. त्यानं बाईंचं मशीन तिच्यासाठी तयार करायला घेतलं. नवा आलेख भरण्याआधी जुन्या नोंदी पुसाव्या लागतात. पुसायच्या का, असं पडद्यावर आलं. त्यानं हो म्हटलं. तीन-चार सेकंद लागले. शिवणकामवाली दोन्ही हातांनी कान चाचपत म्हणाली, "हा घर्र आवाज कसला येतोय?" तो म्हणाला, "पंखा आहे. होईल सवय."

त्या संध्याकाळी घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मुलगी शिकवणीला गेली होती. तो समोर येऊन बसला. चहा घेतला, कप खाली ठेवला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही."

बायकोनं क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिनं शेजारच्यांच्या गळक्या टाकीबद्दल सांगायला सुरुवात केली. प्लंबर तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा वेगळंच कारण सांगून गेला, शेजारीण आता त्याला दारातही उभं करत नाही. तिचं सांगणं लांबत गेलं. तो मान हलवत राहिला, मधे एकदा "मग?" म्हणाला. डोळे कोरडेच होते. तिनं घड्या घातलेले कपडे त्याच्या हातात दिले आणि सांगता सांगता कपाटाकडे निघाली, आणि तो कपडे सांभाळत तिच्या मागोमाग गेला.