दाजींनी पोपटांसाठी भरलेला आवाज

शत्रूला पुरतं ओळखून त्याच्याशी आयुष्यभर लढणारी माणसं आता दुर्मिळ झाली आहेत. माझे दाजी रंगनाथराव त्यांतले एक. शत्रू म्हणजे पोपट. झरीजवळच्या त्यांच्या पेरूच्या बागेत थवा उतरला की एकही पोपट एक पेरू धड संपवत नसे. चोच मारायची आणि पुढच्या फळावर जायचं. दाजींनी गोफण चालवली, डबे बांधले, चमकत्या पट्ट्या ताणल्या. एका वर्षी फळाफळाला कागदी पिशवी घातली. पोपटांनी पिशव्या फाडल्या. ‘शिकलेले हायत,’ एवढंच दाजी म्हणाले. एरवी तेवढंही बोलत नसत.

शेवटी बॅटरीवरचा भोंगा आणला. मोबाइलवर स्वतःची आरोळी भरली, पण रेकॉर्डिंग वेळेवर बंद करायला विसरले आणि सगळं तसंच भोंग्यात गेलं. त्यामुळे दर पाच मिनिटांनी बागेत ‘हाड, हाड...’ ऐकू येई. मग लांबून माझी बहीण, आक्का : ‘आवो, च्या गार व्हायलाय.’ आणि दाजी : ‘आलो म्हन्लं ना. तू घे तवर.’ पोपट आठवडाभर बिचकले, नंतर भोंग्यावरच बसू लागले. पुसून नवं भरा, असं मी सुचवलं होतं. राहूनच गेलं...

पावसाळा सरताना भाच्याचा फोन आला. दाजी झोपेतच गेले होते. तेराव्या दिवशी शेतातच मांडव होता. शेतकऱ्यांचा आवाज आज कायमचा हरपला, असं एका पुढाऱ्याने गहिवरून सांगितलं. तेवढ्यात मांडवामागून दाजी म्हणाले, ‘हाड, हाड...’ कोणी हसलं नाही. आक्का तोंडाला पदर लावून पुढचं ऐकत राहिली. त्यांचा दुसरा आवाज घरात कुठेच नाही. लग्नाकार्यांच्या व्हिडिओंत ते मागे उभे आहेत, गप्प.

भाच्याने बागेवर जाळी टाकायचं ठरवलं. खरा उपाय तोच. वरून आणि चारी बाजूंनी जाळी असली की चोच पोचत नाही. मग भोंगा कशाला, म्हणून तो उतरवायला निघाला आणि आक्काची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. रोज ऐकून त्रासच होईल, असं काहीतरी मी बोललो. ती म्हणाली, ‘जाळी लाव म्हन त्याला. भोंग्याला हात लावू नको म्हन.’ मी भाच्याला तसंच सांगितलं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज मला आता आठवावा लागतो.

परवा गेलो तेव्हा आक्का कप घेऊन बांधावर एकटीच बसली होती. ‘तू घे तवर’ झालं की ती एक घोट घेते.

जाळी उत्तम बसली आहे. या हंगामात बागेत एकही पोपट आलेला नाही.