दमयंतीबेनच्या ग्रिलमधली कोंबडी

टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर दत्ताराम शिगवण गुहागरला गावी जाणार, असंच आम्ही बिल्डिंगमधले सगळे धरून चाललो होतो. ते काही गेले नाहीत. गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं घर तळमजल्याला, आणि स्वयंपाकघराच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहाएक फुटांची पट्टी. तिथे फुटक्या लाद्या आणि कुणाची तरी गंजलेली सायकल पडलेली असायची. शिगवणांनी ती साफ करून अळू, मिरच्या, वांगी लावली आणि पडवळाचा मांडव घातला. कुणी हरकत घेतली नाही, कारण पहिलं पडवळ ते सेक्रेटरीच्या घरी पोचवत.

मग २००३च्या मार्चमध्ये तारोडीच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तीन गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. "भाजी घरची, मग अंडी का दुकानातली?" असं त्यांचं म्हणणं.

बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर दमयंतीबेन राहायच्या. एकट्या, साठीच्या, जैन. घरात कांदासुद्धा नाही. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"दत्तारामभाई, ये क्या लाया?"

"मुर्गी, बेन."

"वो तो दिखता है. काटेगा?"

"नाय, नाय. अंडा के लिए."

कोंबडा जावयासाठी राखलाय, हे शिगवण बोलले नाहीत. पण कोंबडा पहाटेपासून आरवायचा, तो थोडाच गप्प बसणार! बेननी सोसायटीत अर्ज दिला, मीटिंग झाली आणि महिन्याभरात कोंबड्या हलवायचं ठरलं.

इकडे शिगवणांच्या घरात वेगळाच तंटा. कोंबड्या तीन, अंडी मात्र रोज दोनच. शिगवणांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. शैलाताईंना खात्रीच झाली, की नवरा गुपचूप हाफ फ्राय खातोय. शिगवणांनी देवाच्या शपथा घेतल्या. पुढे ठिपक्यांची कोंबडीच नाहीशी झाली, तेव्हा त्यांनी मांजराला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी वरून आरडाओरडा ऐकू आला. "दत्तारामभाई! जल्दी आओ! तुम्हारा मुर्गी मेरेको मारता है!"

कोंबडी मांडवावरून उडून बेनच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये गेली होती. तिथे कुंड्यांसाठी ठेवलेल्या काथ्याच्या टोपलीत ती फुगून बसलेली, आणि बोट पुढे केलं की टोच मारत होती. खाली नऊ अंडी.

"खुडूक झालीय," शिगवण म्हणाले. "अंडा पे बैठा है. मैं सब नीचे लेके जाता."

"अंडा का क्या करेगा?"

शिगवणांना ऐनवेळी खोटं सुचत नाही. "ऑम्लेट," ते म्हणाले.

बेन टोपलीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "अंदर जीव है! ये इधरच बैठेगी. हात मत लगाना."

त्यानंतरचे दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिले. बेन सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या वाटीत ज्वारी ठेवायच्या. कोंबडी दचकते म्हणून कुकर लावेनात, टीव्हीचा आवाज चढवेनात. अखेर आठ पिल्लं बाहेर आली. त्याच आठवड्यात सेक्रेटरी मुदत संपल्याची नोटीस घेऊन आले. बेननी स्वतःचा अर्ज मागे घेतला. "बच्चा छोटा है. किधर जाएगा?"

शिगवणांना मात्र एक अट घातली : एकही कमी होता कामा नये. रोज सकाळी त्या खिडकीतून मोजायच्या, मोठ्यांदा. चार आणि आठ, बारा.

गटारीला पनवेलहून जावई आला, जितेश. मागच्या दारात बारा कोंबड्या हुंदडताना पाहून तो खूश झाला, आणि ताटात पडवळ पाहून उठायच्या बेतात आला.

"सासरेबुवा, ह्या काय शोकेसला ठेवल्यात?"

शैलाताईंनी त्याला बसवला आणि बाजारात जाऊन काळ्या पिशवीतून ब्रॉयलर आणला. दारं-खिडक्या लावून शिजवला, तरी वास वर गेलाच. वर बेनची खिडकी धाडकन उघडली. "एक, दो, तीन..." बारा भरल्या. बेननी पुन्हा मोजल्या. बाराच.

"फिर वास किसका?"

"बाजार का, बेन. हमारा सब जिंदा है," शिगवण मागचं दार उघडून म्हणाले.

वर खिडकी आपटल्याचा आवाज.

जितेश पोटभर जेवला. शिगवणांनी वरण-भात घेतला; पोट बिघडलंय, म्हणाले. मागच्या पायरीवर बसून त्यांनी पिल्लांना भाताची शितं टाकली. शैलाताईंनी आणखी मूठभर भात आणून त्यांच्या हातावर ठेवला.